शिंपलाभर पाणी

बानूबाईचा आवाज मोठा, हे ताडकळसच्या शिवारात कुणाला सांगायची गरज नव्हती. ती या बांधावरून मेंढराला हाळी द्यायची आणि त्या बांधावर भाकर खाणाऱ्या माणसाच्या हातातला कांदा खाली पडायचा. तिचा नवरा येडबा म्हणायचा, "देव हिला तोंड द्यायला गेला अन् चुकून नगारा देऊन बसला." अशी ही बाई त्या दिवशी सकाळी किशनरावांच्या ओसरीवर दुधाचा तांब्या धरून उभी होती, आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. तेव्हाच कुणीतरी ओळखायला पाहिजे होतं.

पण आधी बाजाराचं सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या घराचा आनंद केवढा होता आणि तो कसा मातीत चालला होता, ते कळायचं नाही.

साल सत्तावन्न, जानेवारीचा महिना. आपला मुलूख मुंबई राज्यात जाऊन दोनच महिने झाले होते. नव्या राज्यानं गावाला आणखी काय दिलं ते देव जाणे, पण विकास खात्याची एक जीपगाडी दिली आणि तिच्या डोक्यावर एक भोंगा दिला. तो भोंगा गल्लीगल्लीतून ओरडत गेला, की येत्या बाजारी सुदृढ बालकांची स्पर्धा होणार, वर्षाच्या आतली लेकरं आणा, पहिल्या नंबराला चांदीची वाटी.

"सुदृढ म्हंजे हो काय?" बायका एकमेकींना विचारायला लागल्या.

"गुटगुटीत," शाळेच्या मास्तरांनी सांगितलं.

"मग तसं म्हना की! जीभ मोडायची का आमची?"

तेव्हापासून त्याचं नाव पडलं गुटगुटीतांचा बाजार. आणि गुटगुटीत म्हटलं की ताडकळसात दुसरं नाव कुणाचं निघणार? किशनरावांचा नातू बन्सीधर. आठ महिन्यांचं लेकरू, पण मनगटाला अशा वळ्या की दोरा बांधला तर सापडायचा नाही. मांडीवर घेतलं की घेणाराची मांडी भरून यायची. हसायला लागलं की डोळे गालात बुडून जायचे.

त्याची आजी धुरपताबाई आधी फणकारली होती. "माझा नातू काय जवारीचं पोतं हाय व्हय, तराजूत घालायला? नजर लागंल लेकराला." पण पलीकडच्या आळीतल्या, बोलचाल तुटलेल्या माणिकरावांची नात स्पर्धेत जाणार म्हटल्यावर धुरपताबाईचा पार नूरच पालटला. शिंप्याकडून मखमली अंगडं आलं, जरीचं टोपडं आलं. सुनेला, म्हणजे कमलला, सकाळ-संध्याकाळ हुकूम सुटायला लागले: तेल चोळ, धुरी दे, पोट भरून पाज.

बानूबाईची मेंढरं तेव्हा किशनरावांच्या रानात बसवली होती. दरसाल सुगीनंतर ती त्यांच्या रानात यायची. महिनाभर मुक्काम, रानाला खत, धनगराला धान्य. सकाळी शेळीचं दूध घेऊन बानूबाई घरी यायची, बन्सीला उचलून हवेत फेकायची, झेलायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "पयला नंबर आमचाच!"

"आमचा? तुमचा कवापासून झाला गं?" धुरपताबाई विचारायची.

"शेळीचं दूध कुनाचं पिऊन फुगलाय मग?"

असं चाललं होतं. आणि बाजाराला तीन दिवस राहिले असताना गावातल्या लेकरांना हगवण लागली.

कुठून आली, कशी आली, कुणाला कळलं नाही. काल खिदळणारी, धडधाकट लेकरं आज भडाभडा ओकायला लागली, आणि ओकारी थांबते न थांबते तोच खालून पाण्यासारखं. मोठ्यांना काही नाही, रांगत्या आणि पाळण्यातल्या लेकरांनाच. आधी माणिकरावांची नात पडली. बायका म्हणाल्या, दात येत असतील. मग एकाच आळीतली तीन पडली. सगळ्यांना एकदम दात कसे येतील? मग बायका म्हणाल्या, भोंग्यानं नजर लावली. आणि बानूबाई मुकी झाली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी बन्सीधरानं अंगावरचं दूध भळकन ओकलं.

बानूबाई त्या दिवशी मेंढरं घेऊन लांब गेली होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ती नेहमीसारखी ओरडतच अंगणात शिरली, "कुठं हाय आमचा पैलवान?" आणि ओसरीवर येऊन थबकली.

कमलच्या मांडीवर जे होतं तो बन्सीच होता. पण कुणीतरी त्याच्यातलं बन्सीपण पिळून काढल्यासारखं झालं होतं. डोळे खोल गेलेले. ओठ चिकटलेले. टाळू खाली बसलेली. तो रडत होता, पण आवाज कसला तो, दारामागं मांजराचं पिल्लू अडकावं तसा. कमलचे केस सुटलेले, तिचं लक्ष कुणाकडंच नव्हतं. व्यंकटराव, लेकराचा बाप, पहाटेच सायकल हाणत परभणीला डॉक्टरकडं गेला होता. किशनराव अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि दर फेरीला वेशीकडं बघत होते. आणि धुरपताबाई मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकत होती, तिसऱ्यांदा.

बानूबाई खाली बसली. तिनं बन्सीच्या गालावरून बोट फिरवलं. रडणाऱ्या लेकराचा गाल कोरडा. डोळ्यात टिपूस नाही. मग तिनं त्याच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून हलकेच उचलली आणि सोडली. कातडी खाली बसली नाही. उभी राहिली तशीच राहिली, घडी घातलेल्या फडक्यासारखी.

बानूबाईनं दुधाचा तांब्या लांब सारला.

"पानी कवा पाजलं होतं?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"कालपासून तोडलंय," धुरपताबाई म्हणाली. "पानी तोडलं, अंगावरचंबी तोडलं. आतलं समदं भाईर पडायलंय, वरून आनखी कशाला वतायचं? कोरडं झालं की आपसूक थांबंल."

"मुतलं कवा?"

"रात्रीपासून न्हाई," कमल पहिल्यांदा बोलली.

"मालकीणबाई, पानी पाजा त्याला," बानूबाई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. मीठ-गुळाचं पानी. कोकराला हगवण लागली की आमी त्येच करताव. कातडीचा चिमटा उभा ऱ्हायला की समजायचं, कोकरू वाळायलंय. तवा पानी तोडलं तर सांज बघत न्हाई ते."

धुरपताबाई चुलीपुढून उठली. रात्रभराचं जागरण, दोन दिवसांची भीती, सगळं तिच्या तोंडाशी आलं.

"बाने, तोंड सांभाळ! सांज बघत न्हाई म्हनतीस माझ्या दारात बसून? तुझी मेंढरं राख जा तू. माझा नातू काय कोकरू हाय?"

असं कुणी बोललं असतं तर एरवी बानूबाईनं आभाळ डोक्यावर घेतलं असतं. येडबाला विचारा. पण ती तशीच बसून राहिली, मांडीवर हात टाकून, आणि जेव्हा बोलली तेव्हा किशनरावांच्या येरझाऱ्या थांबल्या.

"पुलिस ॲक्शनच्या साली आमी राणीसावरगावच्या रानात व्हताव," ती म्हणाली. "माझी पोर व्हती, धा महिन्यांची. अशीच गुटगुटीत. तिला हगवण लागली, त्याच आठवड्यात सात कोकरांलाबी लागली. सासू म्हनली, पोरीचं पानी तोड. मी तोडलं. कोकरांला म्यां ह्या हातानं मीठ-गुळाचं पानी पाजलं, दीस-रात. अन् माझी पोर शेजारी कोरडी निजून ऱ्हायली. मला कवा वाटलंच न्हाई, की मेंढराचं औषध मानसाला द्यावं. सातीची साती कोकरं जगली, मालकीणबाई. माझी पोर गेली." तिनं बन्सीकडं बघितलं. "ती कोकरू असती तर वाचली असती."

अंगणातल्या बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

मग कमल उठली. लग्न होऊन आल्यापासून सासूपुढं तिनं कधी मान वर केली नव्हती. तिनं बन्सीला उचललं आणि सरळ बानूबाईच्या मांडीवर ठेवलं.

"मावशी, काय करायचं ते सांगा."

"कमल!" धुरपताबाई ओरडली.

"आत्याबाई, मी आई हाय त्याची," कमल म्हणाली. ती मागं सरली नाही. "तुमी मला माफ करा. अन् न्हाई केलं तरी चालंल."

मग काय विचारता! इतका वेळ गप्प बसलेला नगारा वाजायला लागला. "मालक, लाकडं सारा चुलीत! कमल, हात धू, राख लावून धू! पानी उकळ, खळाखळा उकळू दे. गूळ काढ. मीठ काढ. मूठभर न्हाई गं, दोन बोटांत बसंल एवढंच!" गावचे अर्धे लोक ज्यांना वाकून रामराम घालायचे ते किशनराव फुंकणी घेऊन चुलीपुढं बसले. धूर डोळ्यात गेला तरी हटले नाहीत.

पाणी उकळलं, कोमट झालं. गूळ विरघळला. मिठाची चिमूट पडली.

"किती खारट पाह्यजे?" कमलनं विचारलं. तिच्या डोळ्यातून धारा लागल्या होत्या आणि तिला त्याचं भानच नव्हतं.

"तुझ्या गालावरचं चाटून बघ," बानूबाई म्हणाली. "तेवढंच. त्याच्या वर गेलं तर समदं फेकून दे अन् पुन्ना कर."

कमलनं गालावरचं पाणी जिभेनं चाटलं, मग बोट बुडवून पातेल्यातलं चाटलं, आणि मान हलवली. बरोबर होतं.

बन्सीच्या बारशाला आलेलं चांदीचं बोंडलं धुरपताबाईनंच फळीवरून काढून आणलं. दिलं तेही असं आदळून, की बघा म्हणावं तुमचं औषध. बोंडल्याच्या चोचीतून एकदम मोठा घोट गेला. तहानलेलं लेकरू घटाघटा प्यालं, आणि दुसऱ्याच क्षणी सगळं बाहेर. कमलच्या पदरावर, जमिनीवर, सगळीकडं.

"झालं समाधान?" धुरपताबाई म्हणाली. पण तिच्या आवाजात विजय नव्हता, ती रडत होती.

"चूक माझीच," बानूबाई म्हणाली. "घोट न्हाई पाजायचा. थेंब पाजायचा." तिनं कनवटीची पिशवी सोडली आणि आतून एक शिंपला काढला. नदीचा, अंगठ्याएवढा, कडा घासून गुळगुळीत झालेला.

"मेंढराच्या तोंडातला?" धुरपताबाईनं डोळे मोठे केले.

"उकळून घेताव की. तुमचं चांदीचं बोंडलं देखणं हाय मालकीणबाई, पर त्याला थांबायचं कळत न्हाई."

शिंपला उकळत्या पाण्यात पडला, निघाला. बानूबाईनं बन्सीची मान कोपरात घेतली, शिंपला ओठाच्या कोपऱ्याला लावला आणि थेंब थेंब सोडला. लेकरानं ओठ चाटले. शिंपला रिकामा झाला.

"आनखी द्या की," किशनराव म्हणाले.

"न्हाई. आता मेंढरं मोजायची. धा मेंढरं, मग दुसरा शिंपला. घाई केली की ओकंल." आणि ती मोजायला लागली. आकडे नव्हे, नावं. "भुरी. काळतोंडी. लंगडी. शिंगाडी. रुसकी. पांढरपायी. म्हातारी. बोबडी. चांदी. भटकी. हां, शिंपला!"

दुपार होईपर्यंत तिच्या कळपातली ती दहाही मेंढरं घरातल्या सगळ्यांना पाठ झाली. कमलचा हात, बानूबाईची मांडी, आणि मोजायला किशनराव. ते एकदा भटकी विसरले तर बानूबाई केवढ्यानं कावली! "मालक, एक मेंढरू कुठं सोडून आलाव?" आणि त्या तसल्या वेळीही कमलला हसू फुटलं. दर थोड्या वेळानं बन्सीला अंगावर घ्यायचं, दोनदा चोखलं की पुन्हा शिंपला. मध्ये एकदा ओकला. बानूबाईनं दहाऐवजी वीस मेंढरं मोजली आणि पुन्हा सुरुवात केली. हगवण काही थांबली नव्हती, पण आता जेवढं खाली जात होतं त्याच्यापेक्षा जास्त वरून जात होतं. थेंबाथेंबानं, पण जात होतं.

"मुतलं पाह्यजे," बानूबाई घोकत होती. "मुतलं की जिंकलाव. तोवर हा शिंपला थांबायचा न्हाई."

धुरपताबाई लांब खांबाला टेकून बसली होती. ती ना पुढं येत होती, ना उठून जात होती. उन्हं कलली तेव्हा बन्सीनं चिडून भोकाड पसरलं. शिंपला यायला उशीर झाला होता ना! आणि त्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं.

"आसू!" धुरपताबाईनंच आधी पाहिलं. ती गुडघ्यावर रांगतच पुढं आली. "बाने, आसू आलंय गं त्याला!"

"घ्या मग तुमच्या मांडीवर," बानूबाई म्हणाली. तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. "अन् मोजा."

"भुरी," धुरपताबाई म्हणाली. नातू मांडीवर, शिंपला सुनेच्या हातात, आणि गावातली ती मानाची बाई धनगराची मेंढरं मोजत होती. "काळतोंडी. लंगडी. शिंगाडी." एक फेरी झाली, दहा झाल्या, मोजदाद सुटली. दिवे लागणीची वेळ झाली. किशनरावांनी कंदील पेटवायला काडी ओढली, आणि धुरपताबाई मध्येच "रुसकी"वर अडकली.

"काय झालं?" कमलनं घाबरून विचारलं.

धुरपताबाईनं हळूच मांडीखाली हात नेला. बाजारासाठी ठेवलेलं नवं इरकली लुगडं तिनं देवापुढं बसायचं म्हणून सकाळीच नेसलं होतं. ते ओलं झालं होतं. गरम, ओलं.

"मुतला," ती पुटपुटली.

"मुतला?" बानूबाई उभी राहिली. "मुतला! अगं माय माय माय, मुतलाऽऽ! मालक, मुतला! येडबाऽऽ! मुतला रंऽऽ!"

तिकडं रानात येडबानं ती हाळी ऐकली, पण शब्द काही कळले नाहीत. त्याला वाटलं, लांडगा शिरला. तो काठी घेऊन बांधावरून उड्या मारत सुटला तो किशनरावांच्या अंगणात येऊन थांबला, तर मोठी माणसं एका ओल्या लुगड्याभोवती हसायलीत आणि रडायलीत. "कुठाय लांडगा?" तो धापा टाकत म्हणाला. किशनरावांनी त्याला मिठीच मारली.

धुरपताबाईला कमल म्हणाली, "आत्याबाई, लुगडं बदला."

"न्हाई बदलत," ती म्हणाली. मग तिनं शिंपला उचलला, पदरानं पुसला, पुन्हा उकळत्या पाण्यात टाकला आणि बाहेर काढून बानूबाईकडं वळली. "चल. माणिकरावाची नात अजून तशीच पडलीया. मला काय मोजायचं ते पाठ झालंय, पर थेंब सोडायला तू लागशील." त्याच ओल्या लुगड्यानं ती पलीकडच्या आळीत गेली, जिथं तिनं दोन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

व्यंकटराव थोड्या वेळानं धुळीनं माखून परतला. डॉक्टर सकाळी यायचे होते, सोबत लाल औषधाची बाटली दिली होती. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, त्यांनी बन्सीचं पोट वाजवून बघितलं आणि म्हणाले, "पाहिलंत? माझं औषध लागू पडलं." बाटलीचं बूच अजून उघडलंही नव्हतं. धुरपताबाईनं मान डोलावली आणि डॉक्टरांना चहा दिला.

अर्धी लेकरं आजारी म्हणून स्पर्धा पुढच्या बाजारावर गेली. त्या दिवशी बानूबाई आणि येडबा बाजाराच्या कडेला आठ मेंढ्या घेऊन उभे होते. मांडव तिथून लांब होता, पण भोंगा होता ना. "पुढचं बालक," भोंगा म्हणाला, आणि मग त्यात खरखर झाली. आत कारकून कुणाशी तरी वाद घालत होता, आणि ते सगळ्या बाजाराला ऐकू येत होतं.

"आजीबाई, मुलाचं नाव सांगा."

"सांगितलं की. कोकरू."

"अहो, खरं नाव. कागदावरचं."

"मग कागदावर लिव्हा! कोकरू. मी आजी हाय त्याची, मला ठाव न्हाई व्हय?"

भोंगा खोकला आणि मुकाट्यानं म्हणाला, "किशनरावांचा नातू, कोकरू. वजन साडेपंधरा पौंड." बाजार खो खो हसला. साडेपंधरा पौंडांना कुठला आला नंबर! चांदीची वाटी दुसऱ्याच गावाला गेली. धुरपताबाई मात्र नातवाला डोक्यावर उचलून मांडवातून अशी बाहेर आली, की लोकांना वाटलं पहिला नंबर हाच.

"ऐकलंस का गं?" येडबा हसत वळला. "काय नाव सांगितलं बग तिनं!"

बानूबाई एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून मांडवाकडं बघत होती, आणि तिचे दोन्ही गाल भिजले होते.

"आपली कासी आता नऊ-धा वर्साची असती," ती म्हणाली.

नऊ वर्षांत ते नाव दोघांपैकी कुणी तोंडातून काढलं नव्हतं. येडबानं मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं. त्याला वेळ लागला.

"व्हय," तो म्हणाला. "अन् आवाज तुझाच असता तिचा. बाजार पळाला असता भिऊन."

बानूबाई रडता रडता हसली. तेवढ्यात भटकी कळपातून निसटून भाजीवाल्याच्या पाटीकडं निघाली, आणि बानूबाईनं तिला अशी हाळी दिली की मांडवातला कारकूनसुद्धा उठून उभा राहिला.